नीम ऑइल मारूनही कीड परत येतेय? नवी बाटली आणण्याआधी हे तपासा

ऐरोली, नेरूळ, घोडबंदर रोड, कुठेही जा. ग्रिलमध्ये कुंड्या ठेवणाऱ्यांचा प्रश्न बारा महिने एकच असतो. "काकू, नीम ऑइल मारलं, चार दिवस बरं वाटलं, आता परत पांढरं दिसतंय. डोस वाढवू का?" डोस वाढवायचा नाही, हे आधीच सांगून ठेवते. परत परत येणाऱ्या किडीत तेलाचा दोष क्वचितच निघतो. तेल जिथे लागायला हवं तिथे लागलेलं नसतं, नाहीतर मुंग्या सगळं केलेलं पाण्यात घालत असतात, नाहीतर दुसरी फवारणी राहून गेलेली असते. जास्त तेल ओतलं की कीड तशीच राहते आणि पानं मात्र करपतात.

लक्षणं

- जास्वंद, पपई, वांगं, क्रोटन यांच्या कोवळ्या शेंड्यांत आणि पेरांच्या बेचक्यात पांढरे कापशी पुंजके. हा पिठ्या ढेकूण, म्हणजे बहुतेकांच्या भाषेत मिलीबग.
- पानं हाताला चिकट लागतात, ग्रिलच्या पत्र्यावर चिकट डाग पडतात आणि काही दिवसांनी पानांवर काळी काजळी धरते.
- कुंडी हलवली की पांढऱ्या माशा भुर्रकन उडतात आणि परत बसतात.
- मिरचीची नवी पानं आक्रसतात, वळतात, फुलं गळतात.
- पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, मागच्या बाजूला बारीक जाळी.
- तुळशीची पानं वाकडी होतात आणि मागे काळे बारीक ठिपके दिसतात.
- फवारणीनंतर एक-दोन दिवसांत पानांच्या कडा तपकिरी होतात. ही कीड नाही, हा तुमच्याच औषधाचा प्रताप.

पहिलं काम: कीड जिवंत आहे का आणि कोणती आहे

याला एक पैसा लागत नाही, म्हणून हे आधी. मोबाईलचा कॅमेरा झूम करून पानाच्या मागचा फोटो काढा आणि तो मोठा करून बघा. बारीक कीड असेल तर पानाखाली पांढरा कागद धरून फांदी दोन टिचक्या मारून झटका. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर ते किडे, नाहीतर धूळ.

पिठ्या ढेकणाचा पुंजका टूथपिकने दाबून बघा. ओला, पिवळसर किंवा गुलाबी रस निघाला तर जिवंत. कोरडा भुगा झाला तर मेलेला. मेलेल्या किडीचं मेण पानावर कितीतरी दिवस तसंच चिकटून राहतं, आणि पुष्कळ जण त्या मेणावरच फवारे मारत बसतात. ओल्या कापसाने पुसून टाका आणि मग परत येतं का ते बघा.

मिरचीच्या बाबतीत पान कुठल्या बाजूला वळलंय ते महत्त्वाचं. कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर बहुधा फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. कडा खाली वळून होडी उपडी पडल्यासारखी झाली असेल तर कोळी, म्हणजे जाळ्यातला कोळी नव्हे, माइट नावाची अतिबारीक कीड. आणि पानं बारीक, जाड, पिवळट होऊन झाडाची वाढच थांबली असेल, किडा मात्र एकही सापडत नसेल, तर तो चुरडा-मुरडा, म्हणजे विषाणू. तो पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. एकदा झाडात शिरला की नीम ऑइल काय, कुठलंच औषध त्याला बाहेर काढत नाही. ते रोप उपटून पिशवीत बांधून टाका. शेजारच्या कुंडीतल्या मिरच्या तरी वाचतील.

अजून एक गोष्ट, आणि ही खरंच डोळ्यांत तेल घालून बघा. पिठ्या ढेकणांच्या घोळक्यात कधीकधी एक जरा मोठा पांढरा किडा दिसतो. अंगावर मेणाचे लांब, विस्कटलेले धागे असतात आणि डिवचला की तुरुतुरु पळतो. ढेकूण एवढा पळत नाही. हा एका लेडीबर्ड भुंग्याचा बाळकिडा आहे, आणि तो ढेकणं खातो. दिसायला अगदी त्यांच्यासारखा असल्यामुळे लोक आधी त्यालाच चिरडतात. तसंच माव्याच्या (कोवळ्या शेंड्यांवरचे बारीक, मऊ रस पिणारे किडे) गर्दीत काही मावे फुगून टणक, तपकिरी झालेले असतील तर त्यांच्या आत बारीक परोपजीवी माशीची अळी वाढतेय. असं काही दिसलं तर त्या फांदीवर आठवडाभर काहीच मारू नका. फुकटची मदत आहे, ती का घालवायची?

मुंग्या

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त केसेस इथेच सुटतात. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड हे सगळे झाडाचा रस पितात आणि गोड चिकट पाणी सोडतात. मुंग्यांना ते हवं असतं. त्या बदल्यात त्या किडीची राखण करतात: लेडीबर्डला हाकलतात आणि पिल्लांना उचलून नव्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. तुम्ही शनिवारी फवारणी केली की सोमवारपर्यंत मुंग्यांनी शेजारच्या कुंडीतून नवी पिल्लं आणलेली असतात.

संध्याकाळी टॉर्च घेऊन रांग कुठून येतेय ते शोधा. बहुतेक वेळा ग्रिलच्या कोपऱ्यातून, एसीच्या पाइपवरून किंवा भिंतीला टेकलेल्या एखाद्या फांदीवरून येते. भिंतीला टेकलेली फांदी छाटा. कुंडीच्या स्टँडच्या पायांना आणि ग्रिलच्या त्या भागाला व्हॅसलीनचा दोन बोटं रुंद पट्टा लावा; धुळीने सुकला की पुसून नवा लावा. हे व्हॅसलीन खोडाच्या सालीला थेट लावू नका. खोडावर लावायचं असेल तर आधी चिकटपट्टी गुंडाळा, त्यावर लावा.

स्टँडचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवायचा उपाय जुना आहे आणि चालतो, पण आपल्याकडे नको. डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतात, आणि पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी कुंड्यांखालच्या ताटल्या बघायला घरी येतात ते उगाच नाही.

नुसतं पाणी

फवारणीच्या आधी झाड धुवा. बाथरूममध्ये नेऊन हँड शॉवरने, किंवा बोटाने पाइपचं तोंड दाबून, पानांच्या मागे जोरात पाणी मारा. मावा यानेच निम्मा खाली पडतो आणि पडलेला मावा सहसा परत चढत नाही. दुसरा फायदा धुळीचा. मेट्रोचं काम, नवी टॉवरं, डंपर यांमुळे ठाण्यात काय किंवा घणसोली-तुर्भ्याकडे काय, उन्हाळ्यात पानावर राखाडी थर बसतो. त्या थरावर मारलेलं तेल धुळीलाच लागतं. शिवाय कोरड्या, धुळकट पानांवर लाल कोळी फार माजतो.

ढेकणांचे जाड पुंजके असतील तर जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून खरवडून काढा. कीड थोडीच असेल तर कानकोरण्याचा कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवून एकेका ढेकणाला टेकवा. पुंजक्यात शेकडो अंडी असतात आणि त्यावरच्या मेणातून कुठलाही फवारा नीट आत जात नाही. म्हणून आधी हात, मग औषध.

पानाची मागची बाजू आणि फवारणीची वेळ

कीड पानाच्या मागे बसते आणि आपण मारतो पुढून. नीम ऑइल लागेल तिथेच काम करतं. पंप उलटा धरा, खालून वर मारा, पेरांच्या बेचक्यात मारा, थेंब ओघळायला लागेपर्यंत मारा. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली उलटी धरली की हवाच सोडते. त्यापेक्षा हाताने हवा भरायचा एक-दोन लिटरचा छोटा पंप घ्या, कुठल्याही नर्सरीत मिळतो.

वेळ ऊन उतरल्यावरची, सहानंतरची. एक तर नीम ऑइलमधला मुख्य घटक, अझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर नासतो. दुसरं म्हणजे तेल लागलेलं पान भर उन्हात करपतं. तिसरं, संध्याकाळी मधमाश्या फुलांवर नसतात. उमललेल्या फुलांवर तरीही मारू नका. आणि तहानलेल्या, माना टाकलेल्या झाडाला आधी पाणी द्या, दुसऱ्या दिवशी फवारा.

पावसाळ्यात बॉक्स ग्रिलमध्ये मारून काही उपयोग नाही, वाऱ्याबरोबर येणारी सर सगळं धुऊन नेते. कुंडी आत घ्या, मारा, रात्रभर आतच ठेवा. मोठी कुंडी हलत नसेल तर उघाडीची वाट बघा.

सात दिवस

नीम ऑइलकडून लोकांची अपेक्षा हिटसारखी असते: मारलं की मेलं. ते तसं काम करत नाही. १९५९ मध्ये सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने पाहिलं की टोळांनी सगळं हिरवं फस्त केलं, कडुनिंब तेवढा सोडला. अझाडिरॅक्टिन किड्याची खायची इच्छा मारतं आणि त्याच्या कात टाकण्याच्या संप्रेरकात गोंधळ घालतं. म्हणजे पिल्लू पुढच्या अवस्थेत जाऊ शकत नाही आणि काही दिवसांनी मरतं. तेलामुळे काही मऊ किडे गुदमरून लगेच मरतात, तेवढंच. पूर्ण वाढलेली मादी पुष्कळदा टिकते. अंडीही टिकतात आणि आठवडा-दीड आठवड्यात फुटतात.

म्हणून एक फवारणी म्हणजे काहीच नाही. सात दिवसांनी दुसरी, पुढच्या सात दिवसांनी तिसरी. नव्याने बाहेर पडलेल्या पिल्लांच्या अंगावर अजून मेण नसतं, तीच खरी पकडायची वेळ. "चार दिवस बरं होतं" या तक्रारीचं उत्तर इथेच आहे. रोज मारूनही फायदा नाही. पानाला श्वास घ्यायला जागा राहत नाही. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा, कारण दुसऱ्या आठवड्यात झाड बरं दिसतं आणि माणूस विसरतो.

मिश्रण फुटतंय का

तेल आणि पाणी आपोआप मिसळत नाहीत. मिश्रण नीट झालं नसेल तर पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी नुसतं तेल. म्हणजे पहिल्या दहा कुंड्यांना काहीच मिळत नाही आणि अकरावी करपते. एकाच घरात काही झाडांवर कीड तशीच आणि एखादं झाड जळलेलं असेल तर हेच झालं असं समजा.

कच्च्या घाण्याच्या तेलासाठी माझं प्रमाण एका लिटर कोमट पाण्याला पाच मिली तेल आणि दीड-दोन मिली सौम्य लिक्विड साबण. रिठ्याचं पाणीही चालतं. आधी वाटीत तेल आणि साबण चमच्याने फेटा, मग त्यात थोडं थोडं कोमट पाणी घालत ढवळा. दुधासारखं पांढरट व्हायला हवं. काचेच्या ग्लासात थोडं काढून दहा मिनिटं ठेवा. वर सोनेरी थेंब तरंगले किंवा तेलाचा पट्टा दिसला तर फसलं, साबण थोडा वाढवून परत फेटा. कपडे धुण्याची पावडर वापरू नका, पानं जळतात.

पाणीही बघा. मोरबे असो, भातसा असो की बारवी, धरणाचं नळाचं पाणी सहसा चालतं. पण सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर ते जड असू शकतं. त्यात साबणाला फेस येत नाही, पांढरा साका होतो आणि मिश्रण फुटतं. तेवढ्यापुरतं आरओचं किंवा पावसाचं पाणी घ्या.

केलेलं मिश्रण त्याच संध्याकाळी संपवा. पाण्यात पडल्यावर अझाडिरॅक्टिन हळूहळू नासायला लागतं, त्यामुळे उरलेलं पुढच्या आठवड्यासाठी ठेवण्यात अर्थ नाही. नवीन झाडावर आधी दोन-तीन पानांना लावून दोन दिवस थांबा. फर्न, ऑर्किड आणि कोवळी रोपं नाजूक. भुरीसाठी (पानावर पांढरी पूड धरणारी बुरशी) गंधकाची पावडर मारली असेल तर निदान दोन आठवडे तेल मारू नका. दोन्ही एकत्र आले की पान भाजतं.

आता बाटली

इतकं सगळं करूनही फरक नसेल तरच बाटलीवर संशय घ्या. नीम ऑइल या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक, घाण्याचं तेल: जाड, तपकिरी, लसूण आणि शेंगदाण्याच्या मधला उग्र वास, थंडीत गोठतं. गोठलं तर बाटली कोमट पाण्यात ठेवा, गॅसवर नको. दोन, शेतीचं तयार औषध, ज्यावर ३००, १५००, ३००० किंवा १०,००० पीपीएम लिहिलेलं असतं. हा अझाडिरॅक्टिनचा आकडा आहे, दहा लाख भागांत किती भाग ते. यात मिसळणारा घटक आधीच असतो, साबण लागत नाही. तीन, दिव्यासाठी किंवा अंगाला लावायला विकलेलं तेल. त्यात अझाडिरॅक्टिन किती उरलंय हे कुणी सांगत नाही.

पीपीएमचा गोंधळ महागात पडतो. ३०० पीपीएमचं औषध साधारण पाच मिली प्रति लिटर घेतात, १०,०००चं दोन-तीन मिली. शेजारणीने सांगितलेलं प्रमाण तिच्या बाटलीचं असतं, तुमच्या नाही. लेबल वाचा, नोंदणी क्रमांक आणि मुदत बघा. खिडकीत उन्हात ठेवलेली पारदर्शक बाटली असेल तर वास कितीही येवो, तिच्यात दम राहिलेला नसतो. वास हा पुरावा नाही.

बाटली नकोच असेल तर निंबोळी अर्क करा. जून-जुलैत कडुनिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्या पडतात. त्या गोळा करून, गर काढून, बिया सावलीत वाळवायच्या. पन्नास ग्रॅम भरड पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळून थोडा साबण घालायचा आणि त्याच दिवशी संध्याकाळी मारायची. वास दोन दिवस घरात राहतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा.

माती उपसण्याचं काम

वर सगळं स्वच्छ आणि तरी झाड खंगतंय? कुंडी आडवी करून मातीचा गड्डा बाहेर काढा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी पूड दिसली तर ढेकूण मुळांत आहे. मग पानांवर मारून काय होणार? माती पिशवीत बांधून फेका, मुळं धुवा, कुंडी गरम पाण्याने घासा, नव्या मातीत मूठभर निंबोळी पेंड मिसळा.

खताचा हातही आवरा. नत्र जास्त झालं की लुसलुशीत शेंडे फुटतात आणि मावा तिथेच येतो. ग्रिलमध्ये कुंडीला कुंडी चिकटली असेल तर दोन-चार झाडं कुणाला तरी देऊन टाका. नवं रोप नर्सरीतून आणलं की दोन आठवडे वेगळं ठेवा.

आपल्या हातात नसलेली कीड

वरच्या मजल्यावरची जास्वंद, कंपाउंडजवळची पपई, सोसायटीचे माड: वाऱ्याबरोबर पिल्लं खाली येतच राहतात. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात २००८ मध्ये कोइमतूरला सापडला आणि थोड्याच काळात महाराष्ट्रात पोचला. औषधांनी तो आवरला नाही. २०१० मध्ये पोर्टो रिकोहून बारीक परोपजीवी माश्या आणून सोडल्या तेव्हा आवरला. बाहेर जहाल औषधं मारायची घाई करू नका म्हणते ती यासाठी.

माडाच्या झावळ्यांमागे पांढरी वर्तुळं आणि खाली लावलेल्या गाड्यांवर चिकट काळं दिसत असेल तर ती चक्राकार पांढरी माशी. तिथे तुमचा दोन लिटरचा पंप काहीही करू शकत नाही.

इथे थांबा

- ग्रिलबाहेर वाकून किंवा स्टुलावर चढून फवारावं लागत असेल तर नको. माळ्याला बोलवा.
- उंच झाड, माड: सोसायटीच्या कमिटीतर्फे महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. झाड छाटायला १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, वॉचमनला सांगून फांद्या तोडून घेऊ नका.
- तीन फवारण्या नीट होऊनही कीड वाढतेच आहे, किंवा खोडाला भोकं पडून भुसा येतोय: हे नीम ऑइलचं काम नाही. जाणकार माणूस हवा.
- झुरळ-वाळवीवाल्या पेस्ट कंट्रोलवाल्याला "जाता जाता झाडांवरही मार" म्हणू नका. त्याच्या टाकीतलं औषध तुळशी-कढीपत्त्यावर, म्हणजे तुमच्या पोटात जाणाऱ्या पानांवर नको.
- फिश टँकजवळ फवारू नका, माशांना बाधतं. घरात दम्याचा रुग्ण असेल तर त्याला दुसऱ्या खोलीत पाठवा.
- लहान मूल तेल प्यायलं तर उलटी करवू नका, वाट बघू नका, बाटली बरोबर घेऊन थेट हॉस्पिटल गाठा. नैसर्गिक असलं तरी लहान मुलांना यातून उलट्या, झटके आणि बेशुद्धीपर्यंत त्रास होऊ शकतो.

सल्ला हवा असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर आहे. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. फोन करताना झाडाचं नाव, पानाच्या मागच्या बाजूला काय दिसतंय, बाटलीवरचा पीपीएम आणि शेवटच्या फवारणीची तारीख एवढं जवळ ठेवा. नर्सरीत दाखवायला नेणार असाल तर किडीची फांदी झिपच्या पिशवीत बंद करून न्या, उघडी नको. रिक्षातून उतरेपर्यंत ती दुकानातल्या रोपांवर पोचलेली असते.